चार मजली बर्गर आणि हंबीररावचा जबडा

मिसळीवर मत द्यायचं म्हंजे कोल्हापुरात दोस्ती मोडायची तयारी ठेवायची. आम्ही तिघं शाळेपासनं एकत्र हाय आणि आमची निम्मी भांडणं मिसळीवरनं झाल्यात. म्हणून मी डोकं लढवलं. म्हटलं, ज्यातलं आपल्यापैकी कुणालाच काय कळत न्हाय अशा वस्तूला मार्क द्यायचे. भांडायला कारणच न्हाय. ती वस्तू म्हंजे बर्गर.

अशी आमची बर्गर कमिटी निघाली. कमिटीत एक मी, विजयसिंह. पण मला विजयसिंह म्हणणारी माणसं एकतर बँकेतली असत्यात न्हाईतर पोलिसातली. बाकी गावाला मी विजा. डिजिटल बोर्डाचं दुकान हाय माझं. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, काय पायजे ते छापून देतो. दुसरा गुंडू, रिक्षावाला. आणि तिसरा हंबीरराव. नोकरी सूतगिरणीच्या ऑफिसात, पण जीव कुस्तीच्या मैदानात. पैलवान नव्हं, माईकवर बोलणारा. जत्रेत दोन पैलवान भिडले की कट्ट्यावरनं कुणी धरलं, कुणी सोडवून घेतलं, ह्येचा बाप कोण आणि त्येचा वस्ताद कोण, हे सगळं एका दमात सांगतो त्यो. घरातबी तसंच. वहिनी भाकरी करत असली की ह्यो चुलीजवळ बसून सांगणार, भाकरी उलटली, भाकरी फुगली, भाकरी चीत.

दर रविवारी एक दुकान गाठायचं. मार्क पावाला, मार्क आतल्या टिक्कीला आणि मार्क मालकाच्या तोंडाला. गुंडूनं पहिल्याच दुकानात बर्गर आल्यावर वाटी पुढं केली आणि म्हणाला, "पावणं, जरा कट वाढा." काऊंटरवरच्या पोरानं सॉसच्या पुड्या आणून दिल्या. गुंडूनं सगळ्या वाटीत पिळल्या, पाव बुडवला आणि मार्क कापले. म्हणाला, रस्सा गोड हाय.

एक नियम मी घातलता. वरच्या पावापासनं खालच्या पावापर्यंत सगळं एकाच घासात तोंडात आलं पायजे. नुसतं कडंनं कुरतडून मार्क द्यायचे न्हाईत. नियम ऐकायला शास्त्रीय वाटतो की न्हाय? पण खरं कारण वेगळं हुतं. हंबीरराव आ करतो तवा आजूबाजूच्या टेबलावरची माणसं खायची थांबत्यात, आणि मला ते बघायला लई आवडतं.

तर परवाचा रविवार. त्या दिवशी कुरुंदवाडजवळच्या एका गावात जत्रेचं मैदान हुतं. गेल्या साली त्या गावानं हंबीररावला डावलून यशराज नावाच्या तरण्या पोराला माईक दिलता. ते पोरगं लॅपटॉपवर गाणी लावतं, मधनंच इंग्लिश झाडतं. हंबीरराव वर्षभर जळत हुता. पण गावातल्या म्हाताऱ्यांना ते पटलं न्हाय आणि औंदा त्यांनी परत ह्येलाच बोलावलं. माईक एकदा दुसऱ्याच्या हातात गेला की परत येत न्हाय, ह्येचा आलता. आठ दिवस ह्यो माणूस कोमट पाणी पीत हुता. आज चुकला असता तर पुन्हा कोण विचारणार नव्हतं.

म्हणून ठरलं की दुपारी बर्गर खायचा आणि तिथनंच रिक्षानं परस्पर मैदानात जायचं. फेटा त्यानं पिशवीत घालून आणलता.

राजारामपुरीत आदर्श म्हणून एका पोरानं नवीन दुकान टाकलंय. पोरगं गुणी हाय, बोलायला गोड. मी हात धुवायच्या निमित्तानं काऊंटरवर गेलो आणि हळूच म्हटलं, "ते टोपीवालं काका बसल्यात न्हवं, त्यांचा बर्गर चार मजली बांध."

"काका, दोनच्या वर टिकत नाही. पडतोय," आदर्श म्हणाला.

"काडी खुपस मधनं."

आला बर्गर. देवळाच्या कळसासारखा. हंबीररावनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"ह्यात तुझा हात हाय, विज्या."

"माझा कसला हात. त्यांची स्पेशल हाय ती. यशराज आलता म्हणं गेल्या आठवड्यात. एका घासात घेतला त्यानं."

यशराज तिथं कधी फिरकलाबी नव्हता. पण नाव ऐकल्याबरोबर हंबीररावनं टोपी काढून टेबलावर ठेवली, काडी उपसली आणि बर्गर दोन्ही हातांनी दाबून धरला. तोंड उघडलं. अजून उघडलं. गुंडू म्हणाला, "आतनं बस जाईल आता." आणि मग कट्‌ असा बारका आवाज आला. मला वाटलं काकडी मोडली.

बर्गर खाली पडला. तोंड तसंच राहिलं.

आम्ही हसलो. का हसू नये? तीस वर्षं एकमेकांना फसवण्यात गेल्यात आमची. गुंडूनं तर नाटकाला दहापैकी नऊ दिले. शेजारच्या टेबलावरच्या पोरी फोन काढून शूटिंग करायला लागल्या. हंबीरराव "आ, आ" करतोय, हातानं जबड्याकडं दाखवतोय आणि आम्ही टाळ्या देतोय.

मग मी त्याच्या डोळ्यात बघितलं. सोंग करणाऱ्याचे डोळे मला ठावं हाईत, धंदाच हाय माझा. सोंग करणारा मधनंच समोरच्याकडं बघतो, फसला का न्हाय ते. ह्यो कुणाकडंच बघत नव्हता. डोळ्यातनं पाणी येत हुतं आणि हनुवटीवरनं लाळ गळत हुती.

"गुंड्या, थांब. ह्येचा जबडा निखळलाय."

"तूबी लागला का त्याच्यात," गुंडू म्हणाला.

हंबीररावनं सॉसची बाटली ओढली आणि ट्रेवर लिहिलं, 'मैदान'. लाल अक्षरात. तवा गुंडूचंबी हसू थांबलं.

मी हनुवटी धरून वर ढकलून बघितली, तर त्यानं माझ्या पोटरीवर अशी लाथ घातली की अजून निळं हाय. मग मी उन्मेष डॉक्टरला फोन लावला. शाहूपुरीत दातांचा दवाखाना हाय त्यांचा, वरच्या मजल्यावर घर. लई सज्जन माणूस. फक्त एकच अडचण हुती. गेल्या साली मी त्यांचा बोर्ड लावलता चौकात: 'दातांच्या जागतिक समितीवर बिनविरोध निवड झाल्याबद्दल डॉ. उन्मेष यांचं हार्दिक अभिनंदन'. कसली समिती आणि कसली निवड. पण दोन तालमी आणि एक दूध संस्था हार घेऊन त्यांच्या दारात गेलती. बिचाऱ्यांना सगळ्यांना चहा पाजायला लागला. वर मी शपथ घेऊन सांगितलंतं की बोर्ड माझा न्हाय.

"डॉक्टर, हंबीररावचं तोंड उघडंच राहिलंय. मिटंना."

"विजयराव, ते मिटलेलं मी तरी कधी पाहिलं नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

फोटो पाठवला. त्यावर हसणारं तोंड आलं. परत फोन केला, तर उचलंनातच.

मग घातला हंबीररावला रिक्षात. तोंडावर टॉवेल धरला. टॉवेल सारखा घसरायचा. सिग्नलला एक मोटरसायकलवाला शेजारी थांबला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "काय पावणं, गाण्याची प्रॅक्टिस काय?" हंबीररावला उत्तर देता येईना, हे त्याला दुखण्यापेक्षा जास्त लागलं असणार. नुसताच हात हलवत राहिला. गुंडू गाडी मारत हुता आणि मला शिव्या देत हुता, आणि एकबी शिवी मला परत करता येत नव्हती. चार मजले मीच सांगितलंते. यशराजचं नाव मीच काढलंतं. उद्या ह्या माणसाचा आवाज गेला, तर त्याच्या घरात कुठल्या तोंडानं जायचं मी?

डॉक्टर गॅलरीत हुते. आमची रिक्षा बघून म्हणाले, "मी खाली येणार नाही."

"डॉक्टर, आईशप्पत, खरं हाय."

"मागच्या वेळीही तुम्ही शपथच घेतली होती."

हंबीरराव खाली उभा, मान वर, तोंड उघडं. डॉक्टर त्याच्याकडं निरखून बघत म्हणाले, "अभिनय मात्र झकास जमलाय."

गुंडू मला म्हणाला, "बघ. हे तुझं पुण्य."

मी एकदम म्हटलं, "डॉक्टर, ह्यो माणूस अर्धा तास झाला, एक शब्द बोलला न्हाय."

डॉक्टर कठड्यावरनं पुढं वाकले. त्यांच्या पोरीच्या साखरपुड्याला हंबीरराव त्यांच्या पंगतीला बसलता. जिलेबीनं श्रीखंडाला कसं लोळवलं ते साऱ्या मांडवाला सांगितलंतं त्यानं. डॉक्टरांनी हंबीररावकडं बघितलं, मग आत वळले. जिन्यात पावलं वाजली. चप्पलसुद्धा घातली नव्हती त्यांनी.

"असं कसं अर्धा तास बसवलंत यांना," मलाच ओरडले.

खुर्ची खाली केली. दोन्ही अंगठ्यांना जाड पट्टी गुंडाळली, कारण जबडा बसताना अंगठे सापडतात म्हणाले. अंगठे आतल्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबून मागं ढकलायला लागले. हंबीररावनं मान अशी ताठ केली की मी म्हटलं, आता खुर्ची मोडते.

"सैल सोडा. हंबीरराव, सैल सोडा अंग. घट्ट धरलंत तर बसायचा नाही, मग सुई द्यावी लागेल. सुई दिली की आज तुम्ही झोपणार."

झोपणार म्हटल्यावर तर त्यो आणखीच आवळला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत हुता. मैदानाची वेळ जवळ येत चाललीती. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्यांच्या कपाळावर घाम.

मला दुसरं काय येतंय? मी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, माईकसारखी तोंडापुढं धरली आणि हंबीररावच्या आवाजात सुरू केलं, "तर मंडळी, आजची मानाची कुस्ती. एका बाजूला शाहूपुरीचे उन्मेष डॉक्टर, जागतिक समितीचे बिनविरोध सभासद."

"विजयराव," डॉक्टर म्हणाले.

"आणि दुसऱ्या बाजूला राजारामपुरीत चार मजली बर्गरनं लोळवलेला जबडा. डॉक्टरांची सलामी झडली. डॉक्टर आत शिरले. डॉक्टरांचं वजन कमी हाय पण बुद्धी चपळ हाय, आणि हे बघा, हे बघा मंडळी, डॉक्टरांनी मारली धोबीपछाड."

हंबीररावची नजर घड्याळावरनं माझ्याकडं आली. कपाळाला आठी. माझी चूक सांगायला त्याची जीभ आतल्या आत वळवळायला लागली आणि ह्या सगळ्यात मान आवळायची राहून गेली. डॉक्टरांनी तेवढ्यात दाबलं. खट्‌.

तोंड मिटलं.

हंबीररावनं दोन्ही हातांनी गाल धरले. मग बारीक, घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बसलेल्या माणसाला धोबीपछाड कुठली मारतोस, गाढवा."

एवढी गोड शिवी मी जन्मात ऐकली न्हाय. गुंडू खाली फरशीवरच बसला. मला हसू येतंय का रडू ते कळंना, म्हणून मी बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं. डॉक्टर अंगठ्याची पट्टी सोडत म्हणाले, "ती बाटली गुळण्या करायच्या औषधाची होती." मग जीभ चुरचुरली. पण त्या दिवशी ते बी गोड लागलं.

डॉक्टरांनी हनुवटीखालनं डोक्यावर पट्टी बांधली. "खरं म्हणजे आठवडाभर मौन हवं."

हंबीररावचं तोंड असं झालं जसं काय श्वास बंद करा म्हणून सांगितलंय. डॉक्टरांनाच दया आली. "बरं. बोला, पण हळू. तोंड एका बोटापेक्षा जास्त उघडायचं नाही. ओरडलात तर पुन्हा निखळेल आणि तेव्हा मी नसेन." मग माझ्याकडं वळले. "तुम्ही शेजारी बसायचं. हात यांच्या हनुवटीखाली. तेवढं तरी करा."

फेट्याखाली पट्टी झाकून गेली. फक्त हनुवटीवर पांढरी राहिली. मैदानावर जत्रेच्या कमिटीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, तर गुंडू म्हणाला, नवस हाय.

मैदान भरलंतं. हंबीररावनं माईक धरला आणि एका बोटाएवढ्या तोंडानं बोलायला लागला. पहिल्यांदा लोकांनी माना वळवल्या. स्पीकर बिघडला का काय म्हणून. मग कुणीतरी मागच्या पोरांना म्हणालं, "गप की रं, ऐकू येईना." आणि गर्दी एकेक करून गप्प होत गेली. लांबच्या उसाच्या बांधावर बसलेली माणसंसुद्धा पुढं सरकली. हंबीरराव हळू आवाजात सांगत हुता, कानात सांगितल्यासारखं. शेवटच्या कुस्तीला उतरलेल्या पोराचा बाप चंदगडला काजूच्या कारखान्यात, आई म्हशी राखती, पोरानं चार वर्षं तालमीत झाडू मारला. एरवी ह्या गोष्टी त्याच्या ओरडण्यात वाहून जायच्या. त्या दिवशी मलाबी पहिल्यांदा नीट ऐकू आल्या.

शेवटची कुस्ती लांबली. चंदगडच्या पोराला खाली घेतलंतं, सगळ्यांना वाटलं गेला. आणि एकदम त्यानं पाय काढला, फिरला आणि वरच्याला पाठीवर टाकला. हंबीररावची छाती फुगली. माझ्या तळहाताला कळलं, जबडा खाली येतोय. मी हात घट्ट केला. त्यो माझ्याशी झटतोय, मी त्याच्याशी झटतोय आणि माईकमधनं कसाबसा एक शब्द बाहेर पडला, "चीत."

बाकीचं ओरडायचं काम साऱ्या मैदानानं केलं. फेटे उडाले, हलगी कडाडली. कमिटीचा म्हातारा गर्दीतनं वाट काढत आला, हंबीररावच्या हातात नारळ ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या सालीबी असंच हळू बोला, हंबीरराव. दुसऱ्या कुणाला बोलवायचा विषयच न्हाय आता."

हंबीररावनं मान हलवली. म्हातारा गेल्यावर माईक बाजूला ठेवून म्हणाला, "विज्या, हात काढ आता."

"न्हाय काढत."

"लोक बघत्यात."

"बघू देत. घरापतोर असाच चल."