प्रत्येक घराने एक शिंदी आणावी

झावळ्यांच्या रविवारच्या गोष्टीवर माझा लहानपणापासून संशय आहे. येशू गाढवावर बसून यरुशलेमात येतो, लोक खजुरीच्या झावळ्या हलवून होसान्ना म्हणतात, आणि शुक्रवारी तेच लोक त्याला वधस्तंभावर द्या म्हणून ओरडतात. पाच दिवसांत? आमच्या गावाला एखाद्या माणसाविषयीचं मत बदलायला तीन पिढ्या लागतात. शिवाय ते गाढव. दोन शिष्य जातात, कुणाचं तरी बांधलेलं गाढव सोडतात, 'प्रभूला याची गरज आहे' म्हणतात आणि मालक बरं म्हणतो. हे उदगीर तालुक्यात कुणी करून दाखवावं.

हे सगळं मी पाळकसाहेबांना बोललो. ते देगलूरहून दर रविवारी एसटीनं येत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि, ज्याला इतके प्रश्न पडतात त्याला काम कमी आहे, असं म्हणून मला मंडळीचा सेक्रेटरी केलं. मंडळी म्हणजे आमच्या गल्लीतली अकरा घरं आणि प्रार्थनेची एक पत्र्याची खोली. सेक्रेटरीचं काम म्हणजे खोलीबाहेरच्या फळ्यावर खडूनं सूचना लिहिणं.

त्या साली लातूर जिल्हा झाला आणि पाऊस झाला नाही. दोन्हींचा काही संबंध नाही असं शिकलेले लोक सांगत. गावाचा मात्र शक होता, कारण जुन्या जिल्ह्यात असताना विहिरींना पाणी होतं. आता टँकर दोन दिवसांआड यायचा आणि तो कुठल्या गल्लीत उभा राहणार हे ग्रामसेवक अमृतराव ठरवायचा. आमची गल्ली शेवटची. पण मिळायचं.

आमच्याकडं खजूर नाही. नाल्याकाठी शिंदीची झाडं आहेत, खजुरीच्याच जातीची. दरवर्षी त्यांच्याच फांद्या आणतात. म्हणून मी गुरुवारी सकाळी फळ्यावर लिहिलं, 'रविवारी सकाळी प्रत्येक घराने एक शिंदी आणावी.' फांदी हा शब्द राहिला. खडू संपला होता. आणि आमच्या भागात नुसतं शिंदी म्हटलं की कुणाच्या डोळ्यापुढं झाड येत नाही. त्याच्या रसाच्या दारूचं मडकं येतं, फेसासकट.

संध्याकाळपर्यंत गावानं हिशेब केला होता की अकरा घरं म्हणजे अकरा मडकी. शुक्रवारी सकाळी अशी बातमी होती की आम्ही टँकरचं पाणी शिंदीत घालून वाढवतो आणि सीमेपलीकडं कर्नाटकात विकतो. माझी आई कोंडाबाई गिरणीत गेली तर दोन बायकांनी तिचा वास घेतला.

दुपारी अमृतराव आला. मी बायबल आणून त्याला योहानाच्या बाराव्या अध्यायातल्या खजुरीच्या झावळ्या वाचून दाखवल्या. त्यानं पुस्तक बघितलं, मग फळा बघितला.

"पुस्तकात खजुरी हाय," तो म्हणाला. "फळ्यावर शिंदी हाय. मी फळ्यावर चालतो."

रविवारी तो पाच पंच घेऊन स्वतः येणार होता. एक थेंब जरी सापडला तर पंचनामा करून जिल्ह्याला पाठवणार आणि पाऊस पडेपर्यंत टँकर आमच्या गल्लीत उभा राहणार नाही. कुठल्या जिल्ह्याला, असं मी विचारलं. त्याच्याकडचे छापील कागद अजून जुन्याच जिल्ह्याचे होते. खोडून लिहितो, म्हणाला. टँकर नाही म्हणजे दोन कोसांवरची विहीर, आणि तिच्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त.

मी फळा पुसून नवी सूचना लिहिली. तिच्यात फांदी हा शब्द तीनदा घातला.

रविवारी खोली भरली तशी कधीच भरली नव्हती. पुढं पाच पंच. मागं गावातली तीसेक माणसं, जी जन्मात इकडं फिरकली नव्हती. प्रत्येकाच्या उपरण्याखाली काहीतरी टणक होतं. पाळकसाहेब मात्र गहिवरले. आमच्या दहा घरांनी फांद्या आणल्या होत्या, त्या दुष्काळानं पिवळ्या पडलेल्या. हलवल्या की धूळ पडायची.

अकरावं घर व्यंकटीमामाचं, म्हणजे माझ्या आईच्या भावाचं. चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेताना मामानं शिंदी सोडली होती, आणि त्यानंतर तो त्या नाल्याकडूनसुद्धा जात नसे. मामाला वाचता येत नाही. गुरुवारी त्याला कुणीतरी पहिली सूचना वाचून दाखवली, तसा तो देगलूरकडं निघून गेला होता. दुसरी सूचना त्याला कळलीच नाही. आम्ही होसान्ना म्हणत असताना तो दारातून आत आला. डोक्यावर मडकं. फेसासकट.

गाणं 'होसा'वर थांबलं.

"काय हाय त्यात?" अमृतरावनं विचारलं.

"शिंदी. लिवलं हुतं."

"किती पिलास?"

"आणावी लिवलं हुतं," मामा म्हणाला. "प्यावी लिवलं न्हाई."

त्याचे पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते. मी उठून सांगितलं की चूक माझी आहे. अमृतराव म्हणाला, बरं झालं, कबुलीजबाबही मिळाला. त्यानं जुना जिल्हा खोडला, पंचनामा लिहिला आणि पहिला पंच शेषेराव, त्याच्यापुढं सहीला धरला. शेषेराव सही करायला वाकला तसा त्याच्या उपरण्याखालून तांब्या खाली पडला. गडगडत थेट पाळकसाहेबांच्या पायाशी गेला.

टँकर आला तर पाणी घ्यावं म्हणून आणला, असं शेषेरावचं म्हणणं पडलं. टँकर सोमवारी होता. पाळकसाहेबांनी साधेपणानं विचारलं की जागेवर सापडलेल्या वस्तू पंचनाम्यात लिहाव्या लागतात ना, मग हाही लिहा, आणि बाकीच्यांचेही. खोलीत पस्तीस तांबे निघाले. दुसरा पंच मारोती, त्याला एकदम आठवलं की त्याचा चष्मा घरी राहिलाय. तिसऱ्या पंचाचा हात दुखायला लागला. उरलेले दोघे दारापर्यंत पोचले होते.

अमृतराव म्हणाला, तो एकट्याच्या सहीनं पाठवील. तेव्हा मागं बसलेली शिवम्मा बोलली. ती कर्नाटकातून नांदायला आलेली, आमच्यातली सगळ्यांत म्हातारी.

"साहेब, तुमच्या पिशवीत बी कायतरी वाजायलंय."

अमृतरावनं पिशवी पायामागं सरकवली. मग कागदाकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला की हा छापील नमुना जुन्या जिल्ह्याचा आहे, नव्या जिल्ह्यात चालणार नाही. घडी घालून खिशात ठेवला. मामानं मडकं बाहेर नेऊन जमिनीत ओतलं. ते बघायला सगळं गाव उभं होतं.

सोमवारी टँकर आमच्या गल्लीत आला. अमृतरावचा आमच्यावर इतबार बसला नव्हता. नळी हातात धरून तो प्रत्येक घागरीत आधी तोंड घालून वास घ्यायचा आणि मगच भरायचा. मामाच्या घागरीचा त्यानं दोनदा वास घेतला. मग काठोकाठ भरली.