पूजेतला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. या गावातला नारू मी कायमचा हटवला. निदान माझ्या कपाटावरच्या पाटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने तसं लिहिलेलं आहे. पाटी रंगवणारा जोतीराम ती अक्षरं जमिनीवर बसून, डावा पाय लांब करून काढत होता, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं. त्याच्या घोट्यातून नारू निघत होता.

गाव पेठ वडगावच्या वाटेवर आहे. नाव सांगत नाही. शेजारच्या गावांना आपण सुटलो असं वाटायला नको.

माझा जन्म जर्मनीतला. आत्मवृत्तात जन्माचं वर्णन ऐसपैस करायची रीत आहे, पण मला राग आलेला आहे, तेव्हा उरकतो. पितळेची नळी, तीन भिंगं, खाली आरसा. बोटीने मुंबई, रेल्वेने कोल्हापूर. तिथे डॉक्टर गणपतरावांच्या दवाखान्यात दहा-बारा वर्षं लोकांची थुंकी आणि रक्त पाहण्यात गेली. तक्रार नाही. ते काम होतं.

सत्तेचाळीस सालापासून डॉक्टर मला लाकडी पेटीत घालून, पेटी सायकलला बांधून दर गुरुवारी या गावात आणू लागले. इथे पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बाजेवर पडायचं. पायावर फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून सुतासारखा पांढरा किडा बाहेर यायचा, चांगला दीड हात लांब. लोक तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचे. तुटला तर पाय भोपळ्यासारखा सुजायचा. ज्याला व्हायचा त्याचं रान त्या वर्षी पडीक. जोतीरामचं दोन वर्षं पडीक होतं. बैलांची शिंगं आणि दुकानांच्या पाट्या रंगवून तो कसंबसं भागवत होता.

त्याची बायको तानाबाई. डॉक्टरांनी विहिरीच्या काठावर मला मांडलं, पाण्याचा थेंब काचेवर ठेवला आणि आधी तिलाच बोलावलं.

"अगं बया! ह्ये वळवळतंय काय?"

"नारूची पिल्लं. पाण्यातल्या या बारीक जिवाच्या पोटात बसलीत. तुम्ही हे पाणी पिता?"

"व्हय की. मग काय दूध पिऊ?"

"प्यालात की वर्षभराने ती पायातून निघतात. फोड आलेला माणूस या पायऱ्या उतरतो, आग होते म्हणून पाय पाण्यात बुडवतो, आणि पिल्लं पुन्हा पाण्यात."

"म्हंजे द्येवाचा कोप न्हवं?"

"देवाचा यात संबंध नाही. या बारा पायऱ्यांचा आहे. पाणी दुपदरी फडक्यानं गाळा, आणि पायऱ्या बुजवून वर रहाट बसवा. संपलं."

डॉक्टर सांगायचे की हे काही त्यांचं डोकं नव्हे. ऐंशी वर्षांपूर्वी एका रशियन माणसाने काचेला डोळा लावून हे शोधलं होतं. ऐंशी वर्षं झाली, आता फक्त या गावापर्यंत पोचायचं राहिलंय, असं म्हणून ते सायकलवर बसायचे.

तानाबाईने गाळायला सुरुवात केली. तिचं बघून आणखी चौदा घरांनी केली. पण जोतीराम पाट्या रंगवत हिंडायचा आणि ज्याच्या दारात असेल त्याचं पाणी प्यायचा. म्हणून पायऱ्या बुजवा, असा तानाबाईचा धोशा होता. पंचांचे अध्यक्ष हंबीरराव म्हणायचे, "बुजवायच्या की. येत्या उन्हाळ्यात." असे तीन उन्हाळे आले.

पन्नास साली डॉक्टर गेले. जाताना मला गावाच्या नावे करून गेले. चिठ्ठीत दोनच वाक्यं होती. हे यंत्र चावडीत ठेवा. दर आठवड्याला पाणी तपासा. गावाने पहिलं वाक्य पाळलं.

इथून माझ्या गौरवाचा काळ सुरू होतो, मित्रांनो. हंबीररावांनी स्मारक समिती नेमली. मला काचेचं कपाट मिळालं आणि किल्ली डॉक्टरांच्या कंपाउंडरकडे, केरबाकडे गेली. केरबाचं डॉक्टरांवर देवासारखं प्रेम. मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही आणि त्यामुळे राग आणखी वाढतो. खंडेनवमीला गाव नांगर पुजतं, कोयते पुजतं, सायकल पुजतं. केरबाने मला पुजलं. पहिल्या वर्षी कुंकू नळीला लावलं. दुसऱ्या वर्षी त्याच्या मनात आलं, मान डोळ्याला पाहिजे. मग भिंगांना, वर आणि खाली, तुपात कालवून बोट बोट कुंकू. वरून नारळ फोडला आणि ते पाणी माझ्या नळीत गेलं. आत बुरशी धरली. रक्तातला हिवतापाचा जंतू दाखवणारा मी, मला समोरचा केरबा दिसेना.

त्रेपन्नच्या चैत्रात तानाबाईने नव्या सरकारी डॉक्टरीणबाईंना चावडीत आणलं. मीनाक्षीबाई त्यांचं नाव. जोतीरामच्या घोट्यावर पुन्हा फोड आला होता. बाई पंचांना म्हणाल्या, पायऱ्या याच महिन्यात बंद करा.

"करतो की," हंबीरराव म्हणाले. "आमी काय आडमुठं न्हाय. पर नव्या पंचांनी किडा बघितलेला न्हाय. दावा किडा, उद्या पायऱ्या बुजवतो. डॉक्टरांची दुर्बीण हाय की."

केरबाने कपाट उघडलं. मीनाक्षीबाईंनी विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवून डोळा लावला आणि पदराखालून रुमाल काढला.

"थांबा बाई! पूजेतली हाय ती. कुकू पुसायचं न्हाय. असंच बघा," केरबा म्हणाला.

"असं काहीच दिसत नाही."

"मग डॉक्टरास्नी कसं दिसत हुतं?"

"त्यांच्या वेळी कुंकू नव्हतं."

"आमी मान ठेवतो त्येचं काय वाईट झालं?"

"कोल्हापूरला चला. तिथल्या यंत्राखाली दाखवते."

"गावात डॉक्टरांची दुर्बीण असताना परक्या दुर्बिणीत बघायचं? बाई, ह्यो त्यांचा अपमान हाय," हंबीरराव म्हणाले.

तानाबाई पुढे झाली. तिने कमरेला खोचलेलं पाणी गाळायचं फडकं काढलं आणि सगळ्यांच्या देखत माझी भिंगं खसाखसा पुसली. केरबा "आगं, आगं" करत राहिला. मला वाटलं, आता तरी. पण वरचं कुंकू गेलं तरी आतली बुरशी तिला कशी पुसता येणार? एकेक पंच आला, एक डोळा मिटून वाकला, आणि एकेकाने सांगितलं की गढूळ उजेडाशिवाय आत काही नाही.

"म्हंजे किडा न्हाय," हंबीरराव म्हणाले.

हंबीररावांचा चेहरा हळूहळू उजळला.

"आरं, म्हंजे किडा गेला! डॉक्टरांनी घालवला!"

"ह्येंच्या पायातनं काय शेवया निघत्यात व्हय?" तानाबाई ओरडली.

"त्यो जुना आसंल," एक पंच म्हणाला.

नारू हटल्याचा ठराव त्याच बैठकीत एकमताने झाला. तानाबाई पंच नव्हती.

पाटीचं काम जोतीरामला दिलं. त्याने दोन दिवस बसून ती रंगवली. पायाची आग सोसेना तेव्हा तो काठी टेकत विहिरीच्या पायऱ्या उतरायचा आणि घोटाभर पाण्यात पाय सोडून बसायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तसंच घडत होतं, फक्त बघायला डॉक्टर नव्हते आणि मी कपाटात होतो.

तीन आठवड्यांनी समारंभ झाला. पुण्याचे एक प्राध्यापक आले. विज्ञानाच्या आद्य संशोधकांचे समाजावर अनंत उपकार आहेत, असं ते पाऊण तास बोलले. ऊन फार होतं. तानाबाई गाळलेल्या पाण्याची घागर घेऊन मांडवात आली, तर हंबीररावांनी तिला दारातच अडवलं.

"आज गाळलेलं न्हाय चालायचं. नारू गेला म्हणून पाटी लावतोय, आन् पाणी गाळून दिलं तर लोक काय म्हणतील?"

"नारू गेला आसंल तर तुमी प्या आधी."

हंबीररावांनी विहिरीवरून थेट आलेल्या घागरीत तांब्या बुडवला आणि सगळ्यांसमोर रिकामा केला. टाळ्या पडल्या. मग सगळेच प्याले. काठी टेकत उन्हातून आलेला जोतीराम दोन तांबे प्याला. तानाबाईने पाहिलं तेव्हा दुसरा तांब्या संपत आला होता.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखे हात जोडून सांगतात की आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. माझी निगा राखणं बंद करा. मला पुसा, उघडा, वापरा, आणि बिघडलो तर भंगारात घालून दुसरा आणा. ज्यांनी जन्मभर काचेला डोळा लावला त्यांना तुमचं कुंकू नको होतं. तुम्ही एकदा वाकून बघावं, एवढंच हवं होतं.

मांडवात पासष्ट माणसं होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या एकोणीस जणांना नारू झाला. जोतीरामचं रान चौथ्यांदा पडीक राहिलं. हंबीररावांना दोन्ही पायांना झाला, म्हणून त्या वर्षी समितीची बैठक त्यांच्या बाजेभोवती भरली. तिच्यात पाटीला नवा रंग द्यायचं ठरलं.

विहिरीला बारा पायऱ्या आहेत.