गराडू माझ्यात जेवतो

मित्रांनो, मी एक जुने, बसके पातेले आहे. जर्मनचे, म्हणजे शाळेत तुम्ही ज्याला ॲल्युमिनियम म्हणता, त्याचे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीवर वजनदार साचा दाबला गेला आणि मला आकार आला. तिथून मी राजेंद्र नगरातल्या एका मराठी घरी आले. पुष्कळ वर्षे मी त्यांचे सकाळचे दूध तापवले. "ह्या पातेल्यातलं दूध कधी करपत नाही," असे माझे कौतुक होत असे. पुढे तापून तापून माझा तळ फुगला आणि मी डुगडुगू लागले. त्यातच घरात इंडक्शनची शेगडी आली. जर्मनच्या भांड्याला लोहचुंबक चिकटत नाही आणि त्या शेगडीवर ते तापतही नाही. माझी रवानगी गॅलरीत झाली. कपड्यांचे चिमटे माझ्यात राहू लागले.

गेल्या हिवाळ्यात मला पुन्हा आत बोलावले. घरात एक पिल्लू आले होते. थंडीत आपल्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू मिळतात ना, कंदाचे ते खरपूस तळलेले तुकडे, अगदी त्याच रंगाचे. म्हणून सहा वर्षांच्या शमिकाने त्याचे नाव गराडू ठेवले. त्याचे जेवण माझ्यात वाढायचे ठरले. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही.

गराडू एका दुकानामागे भावंडांच्या गर्दीत वाढला होता. तिथे जो सावकाश खाई, तो उपाशी राही. त्यातून मी हलके. त्याने तोंड घातले की मी फरशीवरून घसरत जाई. त्याला वाटे, कोणीतरी जेवण ओढून नेते आहे. मग तो पंजा रोवून, डोळे फिरवत, न चावता गिळत सुटे.

शमिकाच्या वडिलांना, अच्युतना, शेजारच्या विपुलने सल्ला दिला. "भिया, मधेच थाळी ओढून घ्यायची. मालिक कौन आहे, ते समजलं पाहिजे त्याला."

अच्युत रोज संध्याकाळी मला मधेच ओढून घेऊ लागले. आधी गराडू नुसता बघत राहिला. मग आणखी घाईने खाऊ लागला. मग गुरगुरू लागला. मित्रांनो, गुरगुरणे तुम्ही दुरून ऐकता. माझ्या तर सगळ्या पत्र्यातून ते थरथरत जाते. त्यात राग कमी आणि भीती जास्त असते, हे मला कळत होते. पण पातेल्याला कोण विचारतो?

एके दिवशी तो जेवत असताना शमिकाने लाडाने हात पुढे केला. "गराडू, मस्त आहे ना?" त्याने झडप घातली. दात माझ्या काठावर बसले, तिच्या बोटांच्या अगदी शेजारी.

"बस झालं," अच्युत म्हणाले. "रविवारी ह्याला सिमरोलला सोडून येतो. माझा मित्र सुशांत, त्याच्या शेतावर बांधलेला राहील."

शमिका रडू लागली. तिची आई शारदा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने आधी शमिकाचे एकेक बोट नळाखाली धरून नीट पाहिले. खरचटलेसुद्धा नव्हते. मग ती म्हणाली, "रविवारपर्यंत त्याचं जेवण मी बघते. आणि थाळी कोणी ओढायची नाही."

"म्हणजे गलती माझी?"

"तुझ्या पुढ्यातून कोणी रोज पोळी उचलली तर?"

"मी काही चावणार नाही."

"अच्छा?" आजोबा, म्हणजे पंढरीनाथ, हसले. "परवा विपुलने तुझी जिलेबी उचलली, तेव्हा कसा बघत होतास रे त्याच्याकडे!"

शारदाने ओल्या फडक्याची चुंबळ करून माझ्याखाली ठेवली. माझे घसरणे थांबले. मग तिने मला रिकामेच गराडूसमोर ठेवले. तो चक्रावला. तिने पोळीचा एक तुकडा माझ्यात टाकला. त्याने तो खाल्ला. हात पुन्हा आला, आणखी एक तुकडा पडला. ती येई ती द्यायलाच. न्यायला कधीच नाही.

पुढचा धडा थांबण्याचा. ती मला वर धरून म्हणे, "थांब." तो उडी मारी. मी आणखी वर जाई. तो बसे, मी खाली येऊ लागे. तो उठे, मी पुन्हा वर. ती ना ओरडली, ना कंटाळली. शेवटी एकदा मी फरशीला टेकेपर्यंत तो बसून राहिला. "घे," ती म्हणाली.

आणि दुसऱ्याच सकाळी तो जेवणाच्या टेबलाखाली भुंकू लागला.

"बाबा, तुम्ही त्याला शेव टाकली?" शारदाने आजोबांना विचारले.

"एखादा दाणा पडला असेल."

"रोज पडतो?"

"इंदूरची शेव आहे सूनबाई, निसटते."

शमिका खुदकन हसली. शारदा हसली नाही. "बाबा, मागायची सवय लागली तर तो जाईल."

आजोबांनी डबा बंद केला आणि शेवेशिवाय पोहे खाल्ले. इंदुरात हा लहान त्याग नव्हे.

रविवार उजाडला. गराडू जेवत होता. तेवढ्यात अच्युतचे बूट वाजले; हातात गाडीची किल्ली होती. गराडूचा जबडा थांबला, अंग ताठ झाले. माझ्या काठाला ती ओळखीची थरथर जाणवली.

"तिथेच थांब, अच्युत," शारदा हळूच म्हणाली. "गुरगुरतोय म्हणजे सांगतोय, दूर राहा. खाली बस. हे पनीर घे, लांबूनच टाक."

अच्युत दूरच खाली बसले. एक तुकडा गराडूजवळ पडला. मग दुसरा. थरथर मंदावली, थांबली. गराडूने माझ्यातून तोंड वर काढले. माझ्यात अजून वरणभात होता, तरी तो सोडून तो अच्युतसमोर गेला आणि बसला. नुसता बसला, डोळे वर करून.

अच्युतनी पनीरचा आणखी एक तुकडा त्याच्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "घे."

"सुशांतला काय सांगायचं?" शारदाने विचारले.

"मी सांगतो. येत नाही म्हणून."

मित्रांनो, काळजी संपली असे मी म्हणणार नाही. घरी पाहुण्यांची मुले आली की अजून माझा जीव टांगणीला लागतो. म्हणून एवढेच मागते: कुत्रा जेवत असेल तर त्याच्या भांड्यात हात घालू नका, त्याच्या तोंडचे ओढू नका. त्याला थांबायला शिकवायचे असेल, तर आधी तुम्ही थांबायला शिका. तो गुरगुरला तर मारू नका. मागे व्हा आणि घरातल्या मोठ्यांना बोलवा. त्याला गुरगुरण्याची तेवढी एकच भाषा येते. मला तर तीही येत नाही. म्हणून आज हे सगळे तुम्हाला सांगितले.