टोबीचं हसू

ब्रशच्या टोकाशी एक केस फुटून वेगळा निघाला होता. व्हर्ननं तो ओठांत धरून ओला केला, तरी वाकडा तो वाकडाच... टोबीचं तोंड काढायचा ब्रश. वीज कंपनीच्या जाहिरातींसाठी इतकी वर्षं त्यानं हेच एक चित्र काढलं होतं – पोटावर मीटर, स्प्रिंगचे पाय आणि पांढरा हातमोजा घातलेला हात सदा पुढे. टोबी कपडे धुतो, केक भाजतो, टोबी थकत नाही. थकतो काढणारा, त्याची जाहिरात कोण छापतंय?

आज टोबीनं पोरांना बजावायचं होतं – सॉकेटात काही खुपसू नका. कारण नेडीन कल्प हिनं आईची केसांची पिन खुपसली होती. पाच वर्षांची पोर. दोन बोटं गेली. काल चर्चच्या पायरीवर तिची आई भेटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पोरीचं बोलणं सांगितलं.

"म्हणते, त्यानंच आधी हात पुढे केला होता."

म्हणून सकाळी व्हर्ननं टोबीचा हात मागे घेतला, तोंड मिटवलं, कपाळाला आठी घातली. कंपनीच्या प्रॅदरसाहेबांनी चित्र पालथं ठेवलं.

"ह्या थोबाडाला कोण घरात घेईल, व्हर्न? हसव त्याला. ताकीद खाली लिहिली आहे की."

"पाच वर्षांची पोर वाचणार कशी?"

"आया वाचतील. तू कधीपासून पाद्री झालास?"

हात तरी मागे राहू दे, असं व्हर्ननं विनवलं. हाताशिवाय टोबी कसला, असं म्हणून साहेबांनी शिकागोत रांग लावून बसलेल्या चित्रकारांची आठवण करून दिली.

हसरा चेहरा काढताना काढणाऱ्याचंही तोंड हसतं. घरी पोचेपर्यंत व्हर्नचे गाल दुखत. आज त्यानं दात आवळले. मी हसणार नाही – हसू मेलेलं उतरलं तर पोरांना आपोआप कळेल, मला तोंड उघडायला नको... भेकडाची युक्ती. हे त्यालाही कळत होतं. ब्रश एका दमात फिरला.

हसू उतरलं. आजवरचं सगळ्यांत गोड.

त्यानं गाल चाचपले – दगड. म्हणजे त्या हसण्यात मी कधी नव्हतोच? मग नेडीनची बोटंही माझ्या माथी नाहीत... हा विचार आला आणि अंग हलकं झालं. त्या हलकेपणाची किळस यायला हवी होती. तो वाट बघत बसला. ती आली नाही.