बायकोच्या बाजूचा जादा पाटा

जुनी पिकअप उंच करायचं खूळ सुताराच्या डोक्यात शिरलं. जॅक लावून तो दोन दिवस अंगणात गाडीखाली लोळत होता. मागच्या चाकांवर दोन्हीकडे स्प्रिंगचे नवे लोखंडी पाटे चढवले, तरी बायको बसायची ती बाजू मेली बोटभर खालीच दिसत होती. शेवटी वैतागून त्याने तिकडे एक पाटा जादा ठोकला.

बायकोला शेजारी बसवून त्याने गाडी सपाट रस्त्यावर आणली, तर आता गाडी त्याच्याच बाजूला कलली. उतार अंगणालाच होता! त्याने कपाळावर हात मारला.

"घरी गेल्यावर काढतो तो पाटा."

"हात तर लावून बघा!" बायको ऐसपैस टेकून बसली. "लग्नाला वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुमच्याकडे वरून बघतेय."