मक्याच्या पाकाचे रक्त

खून ठरल्याप्रमाणे सकाळी झाला. मयत जुनीच होती: कापडी, भुसा भरलेली, वारंवार शिवून एक पाय आखूड झालेली. मिनेसोटातल्या पोलीस प्रशिक्षण केंद्रामागच्या लाकडी घरात दर परीक्षेला तिचा खून होई आणि उमेदवारांनी त्याचा छडा लावायचा असे.

रेनाटा वाव्रा गेल्या खेपेला नापास झाली होती. मयताजवळचे पिस्तूल कुणाच्या पायात येऊ नये म्हणून तिने उचलून नीट टेबलावर ठेवले होते. आजची संधी शेवटची. हुकली, तर तपास विभाग विसरायचा आणि निवृत्तीपर्यंत हायवेवर वेगवान गाड्यांच्या पावत्या फाडायच्या.

म्हणून आज तिने कशालाही हात लावला नाही. शिंक आली तेव्हाही ती घटनास्थळाभोवतीच्या पिवळ्या फितीबाहेर जाऊन शिंकली. जोडीदार लॉनी हाउगेन फोटो काढत होता: आधी लांबून, मग जवळून, मग शेजारी मोजपट्टी ठेवून. परीक्षक सार्जंट ब्यॉर्कलुंड व्हरांड्यातल्या खुर्चीवर कॉफी पीत बसले होते. सगळा देखावा त्यांनीच आदल्या संध्याकाळी मांडला होता.

वेळ संपल्यावर रेनाटाने मुद्देमाल वाचून दाखवला. फुटकी खिडकी, चिखलाचा बूट, केस. ब्यॉर्कलुंड वाट पाहत राहिले.

"आणि सोफ्याखालचा रक्ताळलेला हातमोजा?"

सोफ्याखाली हातमोजा नव्हता. लॉनीने शपथेवर सांगितले, आम्ही दोघांनी वाकून पाहिले. तुमचे पाहणे मला ठाऊक आहे, असे म्हणत ब्यॉर्कलुंडनी पेन काढले.

रेनाटाने पेनाकडे पाहिले. पण डोके चालू राहिले.

"सर, मोजा तिथे ठेवताना तुम्हाला कुणी पाहिलं?"

"मी एकटाच होतो."

"म्हणजे तो शेवटी पाहणारे तुम्हीच. मग आधी तुमचा जबाब घ्यावा लागेल."

लॉनीने तोंडावर कॅमेरा धरून हसू लपवले. ब्यॉर्कलुंडना जबाब द्यावाच लागला. साक्षीदाराला सोडायचे नाही, हे त्यांनीच शिकवलेले. रक्त कशाचे, असे विचारल्यावर ते खुलले. बाजारातले रक्त ते वापरत नसत. मक्याचा पाक, लाल रंग, आणि वाळल्यासारखे दिसावे म्हणून चमचाभर कोको.

"चव घेतलीत?"

"प्रमाण कसं कळणार नाहीतर?"

रेनाटा पोटावर आडवी झाली आणि टॉर्च जमिनीला टेकवून तिरपा उजेड टाकला. धुळीतून ठसे वर आले. तान्ह्या बाळाच्या हातांसारखे, पाच पाच बोटांचे, चिकट.

"बाळ?" लॉनी कुजबुजला.

"नखं बघ."

ठसे खिडकीकडे गेले होते. ब्यॉर्कलुंडनी देखाव्यासाठी स्वतः फोडलेल्या खिडकीतून ते बाहेर पडले आणि व्हरांड्याखाली, थेट त्यांच्याच खुर्चीखाली संपले. रेनाटाने नम्रपणे साहेबांना उठवले, खुर्चीभोवतीही फीत बांधली आणि व्हरांड्याच्या फळ्यांमधल्या फटीतून उजेड मारला.

आत एक लठ्ठ रॅकून, डोळ्यांभोवती काळे पट्टे असलेला मांजराएवढा प्राणी, उताणा पडला होता. हातमोजा पोटावर धरून तो त्याचे एकेक बोट निवांत चोखत होता.

"माझा मोजा," असे म्हणत ब्यॉर्कलुंड गुडघ्यांवर बसले.

"सर, फितीबाहेर."

ते बाहेर झाले. रेनाटाने मोजपट्टी हळूच आत सरकवली. रॅकूनने ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मोज्याशेजारी ठेवली. इतका सरळ फोटो लॉनीला सकाळपासून मिळाला नव्हता. हसताना त्याचा हात थरथरत होता, म्हणून रेनाटाने मागून त्याचे कोपर धरले. आता तीही हसत होती.

"ठीक आहे," ब्यॉर्कलुंड म्हणाले. ओठ घट्ट मिटून त्यांनी चेहरा गंभीर ठेवला होता. "रीतसर सांग. गुन्हेगार कोण?"

हाच तो प्रश्न. बहुतेक उमेदवार इथेच घसरत. रेनाटाने तोंड उघडले, मिटले, आणि पुन्हा उघडले.

"गुन्हेगार माहीत नाही, सर. मुद्देमाल एका रॅकूनच्या ताब्यात सापडला, एवढंच. तो संशयित आहे. खून त्याने केलाय असं म्हणायला माझ्याकडे काही नाही."

ब्यॉर्कलुंडनी पेनाचे टोपण काढले. तेवढ्यात पाक संपला असावा. संशयित व्हरांड्याखालून बाहेर आला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि सार्जंटच्या बोटांवर राहिलेल्या कोकोचा वास घेऊ लागला.

तिघेही एकदम पळाले. ब्यॉर्कलुंड वयाच्या मानाने फार पुढे होते, आणि "पास, पास" हे शब्द वाहनतळाच्या दिशेने लहान लहान होत गेले.