एक्स-रे खोलीतल्या ड्रायव्हरचं गाऱ्हाणं

मी एक जुना ड्रायव्हर प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. एका दवाखान्याच्या एक्स-रे खोलीतल्या कॉम्प्युटरमध्ये राहतो. इथे काढलेले फोटो वायरीवरून पलीकडच्या खोलीतल्या साठवणीच्या पेटीत पोचवणं, हे माझं काम. मध्येच वायर निसटली तर पेटीशी पुन्हा जोडून घ्यायचं आणि राहिलेले फोटो परत पाठवायचे.

मला लिहिणाऱ्या महाशयांनी इथेच माती खाल्ली. पुन्हा जोडणी झाली की मी राहिलेल्या फोटोंची यादी पुसायचो आणि बिनधास्त सांगायचो, ‘सगळं पोचलं.’ त्यांच्या टेबलावरची वायर कधी निसटलीच नाही. त्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि मला पाठवून दिलं.

इथे फरशी पुसताना वायरीला रोज धक्का लागायचा. फोटो गहाळ होऊ लागले, तसे एकेक विद्वान आले. पहिल्याने मला पुन्हा जोडण्याआधी तीस सेकंद थांबायला लावलं, दुसऱ्याने साठ. तिसऱ्याने एकशेवीस केले आणि ‘दोष दूर केला’ असं लिहून सही ठोकली. चौथ्याला तर बंद करून चालू करण्यापलीकडे काही येतच नव्हतं. थांबून राहिल्याने हरवलेला फोटो परत येतो का हो? एवढंही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

एका आजोबांच्या छातीचा फोटो असाच गेला. डॉक्टर एक्स-रे काढणाऱ्या ताईंवर भडकले.

“तिसरी वेळ आहे ही! तुम्ही फोटो काढलाच नाहीत. उद्यापासून येऊ नका.”

“काढला होता हो सर. ‘पोचलं’ असं आलंही होतं.”

“मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?”

बोलत होतो. पण ताईंचं कोण ऐकतंय?

संध्याकाळच्या आत मला बनवणाऱ्या कंपनीतून एक बाई आल्या. त्या सरळ जमिनीवर बसल्या आणि फोटो जात असतानाच त्यांनी वायर उपटली. अशी चाळीस वेळा उपटली, आणि दर वेळी पेटीतले फोटो मोजले.

“दहा पाठवले, सात पोचले. आणि हा ठोंब्या म्हणतो सगळे! ताई, तुमची चूक नाही. मी लिहून देते.”

काय काय पोचलं ते पेटीला आधी विचार, मगच यादी पूस, एवढंच त्यांनी मला शिकवलं. चार ओळींचं काम होतं.

ताईंची नोकरी वाचली. डॉक्टरांनी माफी मागितली नाही, “सिस्टिमचा प्रॉब्लेम होता,” एवढं पुटपुटले.

तेव्हा मित्रांनो, काम झालं म्हणण्याआधी ते झालंय का, हे विचारायची तसदी घ्या. आता मी खरं सांगतो. तरी प्रत्येक फोटोनंतर ताई उठतात, पलीकडच्या खोलीत जातात आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतात.